चांद मिनारचा रुपया

औरंगाबादला गारखेड्यातल्या माझ्या घराच्या फाटकावर पाटी नाही, तरी लोक शोधत येतात. मागच्या महिन्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, बसायच्या आधीच रुमालाची गाठ सोडली आणि म्हणाले, "कुलकर्णीसाहेब, फक्त एक नजर टाका. असली की नकली, एवढंच सांगा." मी म्हणालो, मला आता दिसत नाही. हे खोटं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला पूर्वीपेक्षा चांगलं दिसतं. ते हिरमुसून गेले. बायको म्हणाली, "बघायला काय जात होतं तुमचं?"

माझं काय जातं ते तिला माहीत आहे. बाकीच्यांना माहीत नाही, म्हणून लिहितोय.

मी वीसएक वर्षं नाण्यांची पारख केली. त्यातही माझं काम एका कोपऱ्यातलं होतं. टांकसाळीत नवं नाणं काढायचं ठरलं की आधी नमुने पाडून बघतात. दोन-तीन कारागीर आपापले ठसे कोरतात, त्यांचे मोजके तुकडे निघतात आणि वरिष्ठांपुढं ठेवले जातात. एक पसंत पडतं. ते लाखांनी निघतं आणि लोकांच्या खिशात जातं. बाकीचे नापसंत. ते बहुतेक वितळवून टाकतात. एखादा तुकडा कुणा साहेबाच्या कपाटात नाहीतर कुणा कारागिराच्या घरी राहून जातो. बाजारात कधीच न चाललेल्या अशा नाण्यासाठी संग्राहक वेडे होतात, आणि लोक वेडे झाले की नक्कल करणारा आलाच.

चलनातल्या नाण्याची नक्कल पकडणं सोपं असतं. शेजारी खरं ठेवायचं, फरक डोळ्यांत भरतो. नापसंत नमुन्याचं खरं आणणार कुठून? ते कुणी पाहिलेलंच नसतं. बनवणारा बिनधास्त असतो, घेणारा आंधळा असतो आणि मधे आमच्यासारखा एखादा भिंग घेऊन बसलेला असतो.

मी या धंद्यात शिरलो तो कारखान्यातून. पैठण रोडला चितेगावात एका कंपनीत मी ओतीव भागांचा तपासनीस होतो. पट्ट्यावरून स्कूटरचे सुटे भाग येत, मी एकेक उचलून बघे. कुठं हवेचा बुडबुडा अडकून बारीक छिद्र राहिलंय, कुठं साच्याच्या दोन भागांची रेघ दिसते, कुठं धार बोथट आलीय, हे मला हात फिरवून कळायचं. पुढं कंपनी बंद पडली. सहा महिने घरी बसल्यावर एका ओळखीच्या माणसानं मला सराफ्यात मनोहरशेठकडं नेलं. सिटी चौकाजवळच्या गल्लीत त्यांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. शेठनी माझ्यापुढं दोन रुपये ठेवले आणि विचारलं, "यातला कुठला घ्याल?" मी दोन्ही चिमटीत धरून कडेवरून नख फिरवलं आणि म्हणालो, "हा ठोकलेला आहे. हा ओतलेला आहे." शेठ हसले. "उद्यापासून या."

सगळी विद्या खरं तर एवढीच. खरं नाणं ठशाखाली दाबून होतं. धातू दाबला जातो, ठशाच्या कानाकोपऱ्यात घुसतो, अक्षरांच्या कडा वस्तऱ्यासारख्या उठतात. नक्कल बहुतेक साच्यात ओतून करतात. ओतलेल्या धातूत अक्षरं झोपेतून उठल्यासारखी दिसतात, पृष्ठभागावर बारीक पुरळ असतो, आणि कडेला कितीही घासलं तरी साच्याची रेघ कुठंतरी राहतेच. वर उर्दू अक्षरं मला वाचता यायची. माझे वडील निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. त्यांचं शिक्षण उर्दूत झालं होतं आणि लहानपणी त्यांनी हौसेनं मला अलिफ-बे शिकवलं होतं. त्यामुळं हैदराबादच्या नाण्यांचं काम आपोआप माझ्याकडं आलं.

शेठ मला कधी खोटं लिहायला सांगत नसत, हे इथं सांगून ठेवतो. मी नाणं बघायचं, चिठ्ठीवर असली की नकली ते लिहायचं, खाली सही करायची. हळूहळू त्या चिठ्ठीचा बोलबाला झाला. पुण्याचे, हैदराबादचे लोक "कुलकर्णींची चिठ्ठी आहे का?" असं विचारू लागले. मला ते आवडायचं. कारखान्यात मी हजारो भाग नापास केले होते, पण कुणी माझं नाव विचारलं नव्हतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका निवृत्त इंजिनिअरनं एक नमुना भरपूर पैसे मोजून घेतला होता. मी नकली सांगितल्यावर ते तीन दिवस रोज येऊन वाद घालत बसले. चौथ्या दिवशी हसत आले. नाण्याला भोक पाडून त्यांनी त्यात स्कूटरची किल्ली अडकवली होती. फुलंब्रीकडचा एक शेतकरी पाटील आला होता. त्याच्या घरात एका संस्थानाचा न चाललेला नमुना निघाला होता. बघितल्याबरोबर मला कळलं, खरा आहे. तो खाली वाकून म्हणाला, "साहेब, ह्ये खोटं हाय आसं लिहून द्या."

"का?"

"खोटं आसलं तर वाटणीत न्हाय येनार. धाकट्याला कशाला खबर? माझ्याच पेटीत ऱ्हाईल."

मी त्याला धाकट्या भावाला घेऊन यायला सांगितलं आणि दोघांच्या समोर असली म्हणून चिठ्ठी दिली. पाटील माझ्याकडं बघत नव्हता. ते गेल्यावर शेठ म्हणाले, "कुलकर्णी, तुम्ही माणूस बघतच नाही. नुसतं नाणं बघता." मला ती स्तुती वाटली. मी घरी येऊन बायकोला सांगितली.

असंच चाललं होतं, तेव्हा चांद मिनारचे रुपये यायला लागले.

हैदराबादच्या रुपयावर चारमिनार असतो, तो आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी हाताळलेला आहे. पण संग्राहकांत अशी बोलवा होती की कधीकाळी चारमिनारऐवजी दौलताबादचा चांद मिनार घालून एक नमुना पाडला होता आणि तो नापसंत झाला. कागदोपत्री मला कुठं काही सापडलं नव्हतं. आणि एकाएकी ते नाणं बाजारात दिसू लागलं. पहिलं मी बघितलं ते जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडचं. ओतीव. दुसरं ओतीव. तिसरं बरंच सफाईदार होतं, मला दोन तास लागले. तेव्हा शेठच माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "ते मिनारच्या पायथ्याशी काय आहे हो? डावीकडं?"

तांदळाच्या कणीएवढा एक खड्डा होता. आधीची दोन आठवली. त्यांच्यावरही होता, अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा. वेगवेगळी नाणी वेगवेगळ्या हातांतून फिरतात. प्रत्येकावर खड्डा त्याच जागी पडणं शक्य नाही. म्हणजे ही सगळी एकाच साच्यातून आलेली होती. मला केवढा आनंद झाला! पुढं ज्याच्यावर तो खड्डा दिसेल त्याला मी बसल्या जागी नकली म्हणू लागलो. वजन नाही, कड नाही. चिठ्ठीत लिहायचो, 'मिनारच्या पायथ्याशी डाव्या बाजूस ठरावीक खड्डा, सबब नक्कल.' असे सतरा रुपये मी बाद केले.

मग एका दुपारी वजीरमियाँ आले.

सत्तरीचे असतील. पांढरा पायजमा, वर जुनी शेरवानी, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यांचा हात धरून त्यांची मुलगी सफिया आली होती, चाळिशीची, सिल्लोडला उर्दू शाळेत शिक्षिका. बोलली तीच. "साहेब, आम्हाला विकायचं नाय. फक्त लिहून पाहिजे, नाणं खरं आहे म्हणून. अब्बा हैदराबादच्या टांकसाळीत ठसे कोरायचे. हा रुपया त्यांनी केला होता. पास नाय झाला, तेव्हा साहेबानं त्यांना एक ठेवायला दिला."

पुढची हकिगत तिनंच सांगितली. पोलीस ॲक्शननंतर वर्षाच्या आत वजीरमियाँची नोकरी सुटली आणि ते बायकोच्या गावी, सिल्लोडला आले. तिथं बाजारात भांड्यांवर नावं कोरायला बसले. लग्नाच्या हंड्यावर, पेल्यावर, कळशीवर, चाळीस वर्षं. लोकांना ते सांगायचे की मी रुपयाचा ठसा कोरलाय. लोक हसायचे. कुणी गंमतीनं नोट पुढं करायचं, वजीरमियाँ, ही पण तुम्हीच काढली का? आता दिसेनासं झाल्यावर त्यांनी मुलीजवळ एकच हट्ट धरला होता, की औरंगाबादला नाण्याचा एक जाणकार आहे, त्याच्याकडून लिहून आण.

मी हे ऐकत होतो असं म्हणता येणार नाही. मला त्या दिवशी अजून सात-आठ नाणी बघायची होती. मी पुडी उघडली. चांद मिनार. भिंग डाव्या बाजूला पायथ्याशी नेलं. खड्डा होता.

शेठ गल्ल्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. न बघताच म्हणाले, "तोच माल ना, कुलकर्णी?"

"तोच," मी म्हणालो. मग सफियाकडं वळलो. "बाई, ही नक्कल आहे."

तिनं ते वडिलांना सांगितलं नाही. त्यांनी ऐकलंच होतं. त्यांनी हात पुढं केला, मी रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, वाचत असल्यासारखा.

"मेरे हात का काम है साब," ते म्हणाले. "ये छज्जा मैं तीन बार काटा था. मैं नै पहचानूंगा?"

"चाचा, असे सतरा रुपये मी बघितलेत."

"सत्रा?" त्यांनी मान वर केली. "सत्रा तो बने च नै. चार बने थे."

"तेच तर. चारच बनले होते, तर हे सतरा आले कुठून?"

हे बोलताना माझ्या आवाजात जो विजय होता तो मला आज ऐकू येतो. सफिया म्हणाली, "मग अब्बा खोटं बोलतात का?" मी म्हणालो, "मी माणसाबद्दल काही बोलत नाही. नाणं खोटं आहे, एवढंच सांगतो." आणि चिठ्ठी लिहून सही केली.

तिनं रुपया पुडीत बांधायला घेतला. वजीरमियाँनी तिच्या हातातून काढून तो टेबलावर ठेवला. "झूटी चीज घर में नक्को."

"अब्बा, राहू द्या."

"नक्को बोला ना."

शेठ उठून आले. फार आपुलकीनं म्हणाले, "चाचा, इथं राहू द्या. नकली कशी ओळखायची ते लोकांना दाखवायला होईल. चांदीचे पैसे घेऊन जा." वजीरमियाँनी पैसे घेतले नाहीत. दोघं पायरी उतरून गेली. शेठनी रुपया उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

यानंतर बारा वर्षं गेली. मी दुकान सोडलं होतं, घरीच लोकांची नाणी बघत होतो. एका संग्राहकानं मला मुंबईच्या एका लिलाववाल्यांचं जाडजूड पुस्तक बघायला दिलं. त्यात पानभर मोठा करून छापलेला चांद मिनारचा रुपया होता. खाली लिहिलं होतं, न स्वीकारलेला नमुना, अत्यंत दुर्मीळ, कारागीर अज्ञात.

एवढा मोठा फोटो मी त्या नाण्याचा कधी पाहिला नव्हता. छज्ज्याखालच्या नक्षीच्या रेघा केसासारख्या होत्या. अक्षरांच्या कडा उभ्या, तीक्ष्ण. ते ठोकलेलं नाणं होतं, त्यात तिळमात्र शंका नव्हती. आणि मिनारच्या पायथ्याशी, डाव्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढा खड्डा होता.

मी किती वेळ त्या पानाकडं बघत बसलो कोण जाणे. नकला एकाच साच्यातून आल्या होत्या हे मी ओळखलं होतं. पण साचा कशावरून तरी घ्यावा लागतो. तो ज्या खऱ्या नाण्यावरून घेतला, त्या खऱ्या नाण्यावरही तो खड्डा असणारच, किंबहुना तो आधी तिथंच पडला असणार. सतरा पिल्लं बघून मी आईलाच बाद करून टाकलं होतं. आणि हे कळायला मुंबईचा फोटो कशाला हवा होता? फोटोत दिसत होतं की खड्ड्याच्या कडेला धातूचा बारीक ओठ उठलाय. काहीतरी टोकदार मारलं की तसा उठतो. ओतीव नकलेत तो ओठ विरून जातो. ज्यानं चितेगावात चौदा वर्षं हेच काम केलं त्याला हे अर्ध्या मिनिटात दिसायला हवं होतं. मी अर्धं मिनिट दिलं नव्हतं. खड्डा आहे का एवढंच बघितलं आणि भिंग खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी सिल्लोडची गाडी धरली. उर्दू शाळेत चौकशी केल्यावर सफियाचं घर सापडलं. तिनं मला लगेच ओळखलं. पाणी दिलं. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "अब्बा जाऊन आठ वर्षं झाली."

मी पुस्तक उघडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं चष्मा लावला, फोटोवर वाकली आणि बोट बरोबर त्या खड्ड्यावर ठेवलं.

"हे मी केलं होतं," ती म्हणाली. "पाच वर्षांची होते. अब्बा भांड्यावर नाव कोरत बसायचे ना, तर मला पण कोरायचं होतं. त्यांची छिन्नी घेतली आणि रुपयावर ठोकली. एकच घाव बसला. अम्मीनं मला लई मारलं. अब्बा हसत होते. म्हणाले, आता यावर आपल्या दोघांचं काम झालं."

मी पुस्तक मिटलं. मग विचारलं, "आपा, हा रुपया कधी कुणी घरातून नेला होता का? तुम्ही माझ्याकडं यायच्या आधी?"

"व्हय. औरंगाबादचे एक शेठ आले होते, फोटो काढतो म्हणाले. पंधरा दिवसांनी आणून दिला."

"मनोहरशेठ?"

"नाव नाय माहीत. पण तुमच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते ना, तेच. मला तेव्हाच ओळखीचे वाटले. म्हटलं, बरं झालं, यांनी तर रुपया बघितलेला आहे. ते काही तरी बोलतील."

खड्डा मला आधी त्यांनीच दाखवला होता, आणि त्या दिवशी ते बोललेही होते. तोच माल ना, कुलकर्णी? मी त्या दिवशी त्या बाईला एक प्रश्न विचारला असता, हा खड्डा कसा पडला एवढाच, तर सगळं तिथंच उघड झालं असतं.

निघताना मी माफी मागू लागलो, तेव्हा तिनं हात करून थांबवलं. म्हणाली, "त्या दिवसापासून अब्बांनी टांकसाळीचं नाव काढलं नाय. चार वर्षं जगले. शेवटी शेवटी मलाच विचारायचे, सफिया, मैं सच्ची हैदराबाद में था क्या? मी म्हणायचे, होते अब्बा. तर म्हणायचे, तू छोटी थी, तेरे कू क्या मालूम."

औरंगाबादला उतरलो तो तसाच सराफ्यात गेलो. शेठ आता थकले होते, दुकान मुलाच्या हातात होतं, पण ते अजून गादीवर येऊन बसत. मी पुस्तकाचं पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते नीट बघितलं, पुस्तक मिटलं आणि मला परत दिलं.

"छान फोटो आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं. साचा तुम्हीच घेतला होता."

"कुलकर्णी, मी तुम्हाला कधी म्हटलं का, खोटं लिहा म्हणून? वीस वर्षांत एकदा तरी?"

"नाही."

"त्या म्हाताऱ्याला नकली आहे असं कुणी सांगितलं? मी?"

मी पुस्तक पिशवीत घातलं.

"तुमची चिठ्ठी होती. तुमची सही होती. मी नकली म्हणून ठेवून घेतलं, पुढं कुणाला ते असली वाटलं. आता त्यात मी काय करणार? तुमच्यासारखा खरा माणूस मी मुद्दाम शोधून आणला होता, हे विसरू नका."

मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाला मखमलीवर मोहरा दाखवत होता. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही. मी उठलो. हमरीतुमरीवर यायला, आरडाओरडा करायला मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळ ओरडण्यासारखं काही उरलंही नव्हतं. त्यांना लबाडी करायला लबाड पारखी चालला नसता. लबाड पारख्यावर वजीरमियाँनी विश्वास ठेवला नसता.

मी लिलाववाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं. हे नाणं सिल्लोडचे वजीरमियाँ यांनी कोरलेलं आहे, 'कारागीर अज्ञात' हे काढून त्यांचं नाव घाला. खड्डा कसा पडला तेही लिहिलं. खाली माझं नाव, माझा अनुभव. दीड महिन्यानं उत्तर आलं, सभ्य भाषेत. त्यासोबत माझ्याच एका जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स होती. 'मिनारच्या पायथ्याशी डाव्या बाजूस ठरावीक खड्डा, सबब नक्कल.' त्यांनी विचारलं होतं की आपण याच खड्ड्याचं नाणं पूर्वी लेखी नकली ठरवलेलं आहे, तेव्हा आपलं कोणतं मत ग्राह्य धरावं? मी आणखी दोन पत्रं पाठवली. त्यांची उत्तरं आली नाहीत.

शेवटी मी घरीच एक चिठ्ठी लिहिली. आयुष्यातली सर्वांत मोठी, अडीच पानी. नाणं असली आहे, टांकसाळीतल्या ठशाखाली दाबलेलं आहे, ठसा वजीरमियाँनी कोरला आहे, आणि मी पूर्वी दिलेलं मत चुकीचं होतं, ते मी पूर्ण तपासणी न करता दिलं होतं. सही केली आणि पुन्हा सिल्लोडला गेलो.

सफियानं उभ्या उभ्या वाचली. दोनदा वाचली. मला वाटलं ती रडेल किंवा मला बोलेल. ती म्हणाली, "चला माझ्यासोबत."

तिनं मला बाजारात नेलं. भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, जिथं वजीरमियाँ बसायचे त्याच्या समोर, एक चहाचं हॉटेल होतं. बाकावर चार-पाच म्हातारे बसले होते. सफियानं सलाम केला आणि म्हणाली, "चाचा, काका, हे औरंगाबादचे साहेब आहेत. नाण्यांचे जाणकार. यांना तुम्हाला काही सांगायचंय." मग माझ्याकडं वळली. "यांना सांगा. हेच हसायचे."

मी उभा राहून सगळं सांगितलं. वजीरमियाँनी रुपयाचा ठसा खरंच कोरला होता. तो रुपया मी स्वतः पाहिला आहे. त्याला नकली मी म्हणालो, ती माझी चूक होती. हॉटेलवाला भांडं खाली ठेवून ऐकत होता. म्हातारे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"कोन वजीर?" एकानं विचारलं.

"वजीरमियाँ. भांड्यांवर नावं कोरायचे."

"आसं व्हय! त्यो? त्याला जाऊन लई वर्सं झाली."

"व्हय, पन त्यो काही तरी म्हनायचा बघ," दुसरा आठवू लागला. "हैद्राबादचं काय तरी. काय म्हनायचा रं?"

तिसऱ्यानं मान हलवली. चौथ्याला कमी ऐकू येत असावं. तो शेजाऱ्याला माझ्याकडं बोट दाखवून विचारत होता की हे भाव सांगायला आलेत का, मक्याचा.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होतो. सफियानं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"चला साहेब," ती म्हणाली. "जळगावहून औरंगाबादची गाडी येईल आता. ही गेली तर मग तासभर नाय."

ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी लागलेलीच होती. मी चढून खिडकीशी बसलो आणि तिला काही तरी म्हणावं म्हणून बाहेर बघितलं, तोवर ती रस्ता ओलांडून शाळेच्या बाजूला निघालेली होती.